झाड कुठलं ते लिहायचं राहिलं

१९ जुलै २०२३

डाक्टरीणबाई अर्पिता,

तू दवाखान्याची डाक्टरीण न्हाईस, पाल्यापाचोळ्याची हायेस, हे मला तुह्या संगतीच्या सुरुचीनं नीट समजून सांगितलं. तरी मी डाक्टरीणच म्हणणार. पुतणीचं कौतुक चुलतीनं न्हाई करायचं त कोणी करायचं?

माहा नंबर तू फोनमधून बंद करून टाकला म्हणून हे पत्र. सातवी पास हाय मी. गुरुजी म्हणायचे, झुंबर, तुझं अक्षर देवळात लावण्यासारखं अन् जीभ वेशीबाहेर टांगण्यासारखी. फोन बंद करता येतो. पत्र फार त फार फाडता येतं, अन् फाडायच्या आधी माणूस वाचतंच. तू वाचून राह्यली हायेस, बघ.

परवा तू तेरा वर्षांनी दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राह्यली. मी पाण्याचा तांब्या आणला त तू पिशवीतून तुही बाटली काढली. चहा ठेवला त म्हणली, "नको, वेळ नाही." अर्धा तास उभी राहून म्हणली वेळ नाही! सुरुची बिचारी बाजेवर बसली, तिचा कप प्याली, तुहाबी प्याली.

अन् गल्लीतल्या बाया माना लांब करून बघत असताना तू मला इचारलं, "माझ्या आईच्या छातीला तुम्ही काय लावत होत्या?" तुम्ही! माह्या कडेवर मुतलेली पोरगी मला तुम्ही म्हणते. मी म्हणलं, आत ये, सांगते. त तू म्हणली, "खून कोणी केला ते मला माहिती आहे. मला फक्त हत्यार दाखवा."

लई छान बोलली. बाया घरी जाऊन दोन दिवस तेच बोलत होत्या. मला गावात खुनी म्हणणारे पुष्कळ हायेत, पण पुस्तकातल्या मराठीत कोणी म्हणलं नव्हतं.

तू गाडीकडं गेल्यावर सुरुची माह्याजवळ हळूच म्हणली, "मावशी, तिचं मनावर घेऊ नका. तिला आठवतं, लेप सुरू केला तेव्हा पहिले दोन महिने आईला आराम होता. दुखणं कमी झालं होतं, झोप लागायची. त्या लेपात काहीतरी आहे असं तिला लहानपणापासून वाटतं. त्याच्याचसाठी ती या लाईनला आली."

माह्या हातातून गाळणी पडली. प्लास्टिकची होती, आवाज झाला न्हाई.

मंग दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मी शेतात गेले, एकटी, कोणाशी न बोलता, अन् गोणीभर पाला काढून आणून, तुम्ही रातच्याला गावातच थांबल्या व्हत्या तिथं, तुह्या गाडीत टाकला. न बोलता काढायचा असतो. कुठून काढला ते सांगायचं नसतं, पैसा घ्यायचा नसतो. सांगितलं की गुण देणाऱ्याच्या हातातून निघून जातो. सासूनं मला एकटीला सांगितलं, थोरली म्हणून. तुह्या मायला, मीनाला, त्याचा लई राग व्हता. घरात पोरगी तिला, शेतात राबणारा नवरा तिला, फक्त एवढी एक गोष्ट मला.

गोणी पोचली का तेवढं कळव. एका शब्दानं कळवलं तरी चालंल. "पोचली" हा एकच शब्द हाय.

तुही मोठाई
झुंबर

* * *

२ डिसेंबर २०२३

अर्पे,

तू न्हाई कळवलं, सुरुचीनं कळवलं. माणसानं पोरगी करावी त सुरुचीसारखी. मला होत नव्हती हा भाग वेगळा.

तिनं फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही म्हणे काचेच्या ताटल्यांत छातीच्या गाठीच्या पेशी पाळता, त्यांना खाऊ घालता, ऊब देता. मी म्हणलं, मेलेल्या बायांच्या गाठी तुम्ही कोंबड्यांसारख्या पाळता व्हय? ती हसली. म्हणली, मावशी, पाल्याचा अर्क त्यांच्यावर टाकला, पेशी मेल्या. मी म्हणलं, मंग पेढे वाट. त ती म्हणली, "अर्पिता म्हणते ताटलीत फिनाइलनंसुद्धा पेशी मरतात. बाजूच्या चांगल्या पेशी जगल्या पाहिजेत." अन् तुमच्या गोणीच्या अर्कात चांगल्या जगल्या, म्हणली. तिचा आवाज असा झाल्ता जसं तिलाच दिवस गेलेत.

लेप तसाच लावायचा न्हाई, हे तिनं मला तीनदा बजावलं. अर्कातला एक बारीक ऐवज शोधायचा, मंग त्याच्यासारखा दुसरा तुम्ही तुमच्या हातानं घडवायचा, मंग उंदरावर, मंग माणसावर. मी इचारलं, किती दिवस? म्हणली, सगळं बराबर झालं त दहा-बारा वर्षं. मी म्हणलं, लईच जल्दी करून राह्यल्या बाई तुम्ही.

पाला कशाचा ते तुम्ही तिथं पानं बघून ओळखलंच. बांडगूळ. लपवण्यात काही अर्थ न्हाई आता. आपल्या गावच्या मच्छिंद्राला तुम्ही अजून गोण्या आणायला सांगितल्या तेबी कळलं. तो गावभर सांगतो, पुण्याला माहा पाला जातो, उद्या माही मिरवणूक निघंल.

बांडगूळ म्हणजे काय ते तुला पुस्तकातून माहिती, मला घरातून माहिती. तुहे काका, माहे मालक, अंगद, विहिरीचं काम करताना दगडाखाली गेले. पदरात लेकरू न्हाई. मंग तुही माय चुलीपाशी तुह्या बापाला म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "झाड मेलं तरी बांडगूळ जित्तं हाय अजून." तुहा बाप हसला. कल्याणभाऊजींचं हसणं बाकी लई गोड. आता जालन्यात दुसऱ्या बायकोसंगं राहून बियाण्याच्या कंपनीत तेच हसणं इकत असतील.

मी माह्या ताटातली भाकर खाल्ली, अजून एक घेतली.

झुंबर

* * *

२० मे २०२४

अर्पिताबाई,

आज मला इतकं हसू येऊन राह्यलंय की अक्षर हलतंय, माफ कर.

सुरुचीचा फोन आल्ता. रडकुंडीला आल्ती. मच्छिंद्राच्या पहिल्या गोणीत काही निघालं न्हाई. दुसऱ्या गोणीत न्हाई. तिसरीत त चांगल्या पेशीबी मेल्या. पान तेच, फूल तेच, गाव तेच, मंग गुण कुठं गेला? तुहे साहेब लोक म्हणतात अर्पितानं पहिल्या बारीला काहीतरी घोळ केला, आकडे खोटे लिहिले. तुही नोकरी टांगणीला लागली म्हणे.

मच्छिंद्रानं काय केलं माहिती का? रस्त्याच्या कडंला दिसंल त्या झाडावर चढला. लिंबावरचं ओरबाडलं, बाभळीवरचं ओरबाडलं, आंब्यावरचं त लई सोपं. अन् गोणीत कोंबलं. त्याला वाटलं बांडगूळ ते बांडगूळ.

बांडगुळाला सवताचं काय असतं गं? ज्या झाडावर बसतं त्याचा रस पितं. लिंबावरच्यात लिंब उतरतो, आंब्यावरच्यात आंबा. सासू म्हणायची, पानाकडं बघू नको, बुडाकडं बघ. मी तुला दिलेली गोणी एकाच झाडावरची व्हती. पानं तेवढी खुडून दिली, फांदी दिली न्हाई. फांदीची साल बघून तू झाड ओळखलं असतं. मी सातवी शिकलेली असले तरी तेवढं कळतं मला.

झाड कुठलं ते मला एकटीला माहिती हाय.

अन् मी फोनवर न्हाई सांगणार. सुरुचीला न्हाई सांगणार. तुला सांगणार, तूच ये. आत ये, उंबऱ्याच्या आत. पाटावर बस. भाकर खा, पोटभर, बाटलीतलं पाणी न पिता. मला मोठाई म्हण. मंग हात धरून झाडापाशी नेते.

एवढंच मागणं हाय. लई न्हाई. तुह्या आईला त मी काहीच मागितलं नव्हतं.

तुही मोठाई

* * *

१२ ऑगस्ट २०२४

श्रीमती अर्पिता मॅडम यांस,

तुम्ही पाठवलेलं टाईपाचं पत्र मिळालं. "श्रीमती झुंबरबाई यांना कळविण्यात येते की सदर वनस्पतीच्या आश्रयी वृक्षाचे नाव व ठिकाण त्वरित कळवावे." खाली सही, शिक्का. माह्या जन्मात मला शिक्क्याचं पत्र दोनदा आलं. एकदा अंगद गेल्यावर वारसाच्या नोंदीचं, अन् हे. दोन्ही पत्रं मी एकाच डब्यात ठेवली.

उत्तर असं हाय की सदर वृक्ष जागेवर उभा हाय, अन् सदर बाईबी.

आता एक दुसरंच काम. इथं रखमाजीची बायको हाय, तू वळखत न्हाईस तिला. तिच्या डाव्या अंगाला गाठ झाली. जवारीच्या दाण्याएवढी व्हती, आता सुपारीएवढी. दुखत न्हाई, पण आत बोट घातल्यासारखी कातडी ओढली गेली. काखेतबी एक आलीय. ती मला इचारत व्हती, हे काय असंल? मी म्हणलं, माही पुतणी त्याच्यातलीच शिकलेली हाय, इचारते. त तू सुरुचीला सांग, सुरुची मला सांगंल, मी रखमाजीच्या बायकोला सांगंल.

ती बाई लई गमतीची हाय. म्हणते, इतकी वर्षं छातीकडं कोणी बघितलं न्हाई, आता हिनंच उठून हाक मारली.

झुंबर

(मागून लिहिते. पत्र टाकायच्या आतच सुरुचीचा फोन आला, मी तिलाच इचारलं. ती ओरडलीच. म्हणली, मावशी, त्यांना आजच्या आज जालन्याला न्या, लेप लावू नका, अमावस्येची वाट बघू नका, एक दिवस घालवू नका. मी म्हणलं, सांगते. रखमाजीच्या बायकोला सांगितलं. ती म्हणली, आधी सोयाबीन निघू दे.)

* * *

३१ जानेवारी २०२५

अर्पे,

आलीस. मौनी अमावस्येला आलीस. मी म्हणलंच व्हतं तू येशील, नोकरी जायला लागली की पाय चालतात.

उंबऱ्याच्या आत आली, पाटावर बसली. बाजरीची भाकर, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मी दोन दिवस आधीपासून कांडत व्हते, हात वर होत नव्हता तरी. तू दोन घास खाल्ले. दोन. मी मोजले. मंग हात धुतला अन् म्हणली, "मोठाई, झाड."

दोनच शब्द, पण मोठाई म्हणली. मला वाटलं आता सांगून टाकावं. खरंच, ओठावर आल्तं. मंग मनात आलं, सांगितलं की ही उठली. परत कशाला येईल? मी म्हणलं, आज न्हाई दाखवता येत, पुढच्या अमावस्येला ये.

तुहं तोंड बघण्यासारखं झालं. तू उठली, माह्या अंगावर धावून येते की काय असं वाटलं. अन् तेवढ्यात तुही नजर माह्या पदरावर गेली. डाव्या बाजूला ओल आल्ती. मी पदर वढला, पण तुह्या नाकाला वास गेला. तू लेपाचा वास वळखलास. पंधरा वर्षं झाली तरी वळखलास.

"रखमाजीची बायको कुठं राहते?" तू इचारलं.

मी म्हणलं, "ती मरून दहा वर्षं झाली."

तू हसली न्हाईस. मला वाटलं व्हतं हसशील, चांगला इनोद व्हता. तू माहा पदर बाजूला केला. डाक्टरीणीसारखा, पुतणीसारखा न्हाई. बघितलं. काखेत बोटं घातली. तुहे हात लई थंड हायेत गं, मीनाचेबी तसेच व्हते. मंग तू इचारलं, "किती दिवस लावता हे? किती प्रमाण? कशात वाटता?" अन् तुह्या हातात वही. मी सांगत गेले, तू लिहीत गेली. सगळं लिहून झाल्यावर वही बंद केली अन् म्हणली, "उद्या गाडी पाठवते. जालन्यात माझ्या ओळखीची डॉक्टर आहे. जा."

जा म्हणली. चल न्हाई म्हणली.

काल गाडी आली. डायव्हर भला माणूस, अंतरवाली सराटीकडला. मी इचारलं, बाई कुठंय? म्हणला, त्या पुण्यालाच. मी म्हणलं, मंग तूच धरशील का माहा हात दवाखान्यात? तो लाजला. रिकामी गाडी कशी पाठवायची म्हणून मी सहा किलो हुरडा भाजून, गरम गरम, फडक्यात बांधून मागच्या सीटवर ठेवला. सीटला पट्टाबी लावला.

सुरुची म्हणते हुरडा तू वॉचमनला देऊन टाकला.

त्यानं खाल्ला का तेवढं इचार. कवळा व्हता.

मोठाई

* * *

९ मार्च २०२५

अर्पिता,

आज थट्टा न्हाई. येतच न्हाई आज.

काल सुरुचीनं फोनवर मला एक कागद वाचून दाखवला. तू सरकारकडं पाठवायला अर्ज केलाय, हे काम पुढं चालू ठेवायला. तिला वाटलं मला आनंद होईल. पहिल्याच परिच्छेदात माहं नाव हाय, "जालना जिल्ह्यातील पारंपरिक औषध जाणणाऱ्या श्रीमती झुंबरबाई." अन् पुढं, "यांच्या लेपाने एका रुग्णास सुरुवातीचे दोन महिने वेदनांपासून स्पष्ट आराम मिळाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. या संशोधनाचा उगम त्या दोन महिन्यांत आहे."

मी फोन ठेवला. जेवले न्हाई. आज सकाळी लिहायला बसले.

ते दोन महिने काढून टाक अर्जातून.

दिवाळीच्या अमावस्येला मीना मागच्या दारानं माह्याकडं आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तुहं बारसं झालं तेव्हा तिनं माही नजर लागू नये म्हणून तुह्या तोंडावर फडकं टाकलं व्हतं, ती मीना. माह्या समोर बसली, चोळीची गाठ सोडली, म्हणली, "अक्का, बघा ना, हे काय झालंय. कोणाला सांगू नका." मी बघितलं. मला वाटलं साधी गाठ हाय, बसंल. अन् मनात आलं, हिला जरा फिरवू. बांडगूळ म्हणली व्हती ना मला, येऊ दे बांडगुळाच्या दारी चार-दोन चकरा.

मी तिला बेसन अन् हळद लावली, अर्पे. चण्याचं पीठ, हळद अन् कोमट तेल. लगनात नवरीला लावतेत तेच. पाला न्हाई, काही न्हाई. आठ-आठ दिवसांनी ती यायची, मी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे अन् बेसन थापायचे, अन् ती गेली की पोट धरून हसायचे.

अन् तिला आराम पडला! ती सांगायची, अक्का, झोप लागली काल. अक्का, हात हलका वाटतो. तू बघितलं ते खोटं न्हाई. बेसनानं पडला की माह्या हाताच्या ऊबेनं, ते आता तूच ताटलीत घालून बघ.

दोन महिने गेले. मार्गशीर्ष सरता सरता गाठ वर आली, तेव्हा मी भेले. तेव्हा पाला आणला, खरा. तेव्हापासून तिचं दुखणं वाढलं. ते पाल्यानं न्हाई वाढलं, ते वाढायचंच व्हतं. पण तुह्या वहीत काय लिहिलं असंल? पहिले दोन महिने गुण, मंग गुण गेला. उलटं हाय गं सगळं. गुण आला तेव्हा औषध नव्हतं, अन् औषध आलं तेव्हा गुण नव्हता.

अजून एक हाय. एवढ्यावर थांबले असते त मी बरी बाई ठरले असते. माघात ती म्हणली, "अक्का, मला जालन्याला न्या, डाक्टरला दाखवू. तुम्ही चला संगं, ह्यांना नका सांगू." मी म्हणलं, थांब, गुण येऊन राह्यलाय. तीनदा म्हणली, तीनदा मी थांब म्हणलं.

कामून म्हणलं, ते मी देवालाबी सांगितलं न्हाई. दवाखान्यात गेली की ती माह्याकडं यायची बंद झाली असती. मला ती आलेली आवडायची. माह्याजवळ बसायची, माह्या मांडीवर हात ठेवायची, तुह्या गोष्टी सांगायची, अर्पिता हे बोलली, अर्पिताला गणितात इतके पडले. त्या घरात मला अक्का म्हणून कोणी हाक मारलेली तेवढीच. त्याच्यापायी मी तिला चैतापर्यंत बसवून ठेवलं. चैतात नेली तेव्हा डाक्टरनं नुसती मान हलवली.

तू मला पंधरा वर्षं खुनी म्हणली ते अंदाजानं म्हणत व्हतीस. आता पुराव्यानं म्हण.

झुंबर

* * *

६ एप्रिल २०२५

अर्पे,

तुहं पत्र आलं. टाईपाचं न्हाई, हातानं लिहिलेलं. अक्षर बघितलं अन् मला मीनाचीच चिठ्ठी आली असं वाटलं, तोच तिरका र. मला वाटलं शिव्या असतील. मी चष्मा पुसून, दार लावून, पाटावर बसून वाचलं.

दोन ओळी.

"अर्जातला पहिला परिच्छेद काढला आहे. झाड कुठलं ते लिहायचं राहिलं."

बस. खाली नावबी न्हाई.

मी पत्राची घडी घातली. मंग हसायला लागले. हसताना छातीत कळ यायची, तरी हसले. शाब्बास, पोरी. सहा पानं भरून मी सांगितलं की तुह्या मायला कसं मारलं, अन् तू म्हणतेस झाड कुठलं. मी तुह्या जागी असते त मीबी हेच लिहिलं असतं. तू कोणावर गेली याचा शोध तुहा बाप लावत व्हता. माह्यावर गेलीस.

न्हाई राहिलं लिहायचं. मुद्दाम ठेवलं व्हतं, तू परत इचारशील म्हणून.

मी जालन्याला जाऊन आले, येष्टीनं. एकटी. तुह्या ओळखीच्या डाक्टरणीला तुहं नाव न्हाई सांगितलं, रांगेत बसले. तिनं फोटो काढले, म्हणली हाडात गेलंय, मावशी, इतके दिवस काय करत होत्या? मी म्हणलं, एका बाईची वाट बघत व्हते. तिनं गोळ्या दिल्या दुखण्याच्या. त्या गोळ्या बेसनापेक्षा बऱ्या हायेत.

तर झाड.

हिवर. विहिरीच्या थारोळ्यापाशी, उपसलेलं पाणी पडतं तिथं, जुना हिवर हाय, पांढऱ्या सालीचा, तो. हिवरं लई हायेत शिवारात, पण बांडगूळ धरलेला हा एकच. लहानपणी तू त्याला झोका बांधायची.

अर्धाच राह्यलाय आता. उरलेला अर्धा कुठं गेला सांगू? मीना गेली तेव्हा भादव्याची झड लागल्ती. सरणाला वाळलेलं लाकूड मिळंना. कल्याणभाऊजी म्हणले, विहिरीवरचा हिवर तोडा, जवळ हाय. मच्छिंद्रानं मोठा फाटा तोडला, बांडगुळासकट. मी बघत व्हते. हे झाड तोडू नका, असं म्हणता आलं असतं. पण मंग कामून म्हणून इचारलं असतं. मी गप राह्यले. ओलं लाकूड, लई धूर झाला. तो धूर गावात शिरला, तू ओसरीवर उभी राहून खोकत व्हतीस, मी तुह्या तोंडाला पदर लावला त तू माहा हात झटकला. आठवतं? जे औषध तू पंधरा वर्षं धुंडाळून राह्यली, ते त्या दिवशी तुह्या छातीत जाऊन आलं.

आता सांगून टाकलं. सासूच्या हिशेबानं माह्या हातातला गुण गेला. मला काही फरक वाटत न्हाई, हात तसाच दुखतो.

पण ऐक. मी मच्छिंद्राला बोलावून सांगून ठेवलंय, ग्रामपंचायतीच्या चार माणसांसमोर, अन् कागदावर अंगठा न्हाई, सही केलीय. विहीर अन् तेवढा तुकडा माह्या नावावर हाय. राह्यलेला हिवर माह्या सरणाला. दुसरं लाकूड लावायचं न्हाई. मी गेल्याच्या दिवशीच तोडायचा, बुडापासून.

मच्छिंद्राला अजून एक सांगितलंय. कुऱ्हाड घालायच्या आधी अर्पिताला फोन करायचा. ती येऊन सगळं बांडगूळ उतरवून घेईल, फांदी न् फांदी बघून, तिच्या वहीत लिहून. ती येईपर्यंत मला उचलायचं न्हाई. पहाटंची संध्याकाळ झाली तरी चालंल, मी कुठं पळून जाते?

आधीबी येऊ शकतेस. आज येऊन काढून नेलंस त मी अडवणार न्हाई, दारबी उघडणार न्हाई. पण सुरुची म्हणते तुमची ती नवी खोली, ती मशीन, सगळं जुळायला वैशाख सरंल, अन् पाला ताजाच पाहिजे. डाक्टरीण म्हणते मला आखाडी दिसणार न्हाई.

म्हणजे हिशेब बराबर जमतो.

तू येशीलच, अर्पे. माह्यासाठी न्हाई येणार, ते मला माहिती हाय. झाडासाठी येशील. मीबी लई मान घेऊन बसले न्हाई, कामापुरती आलेली माणसंच माह्या नशिबाला.

येताना कात्री आण, इथली बोथट झाली. अन् उंबऱ्यातून आत ये त्या दिवशी. बाटली आणली तरी चालंल. पाटावर मी नसंल, भिंतीशी टेकवून ठेवलेली असंल.

तुही मोठाई
झुंबर